सीडीके एकच आहे, मग तो रेप्लिकेशन सुरू करतो की अडवतो?

तू विचारलंयस ते थोडक्यात असं, की पुस्तकात एका पानावर लिहिलंय यीस्टमध्ये डीएनए रेप्लिकेशन, म्हणजे डीएनएची नक्कल, सुरू व्हायला सीडीके (पेशीची सायकल पुढे नेणारं, इतर प्रोटीनना फॉस्फेट लावणारं एन्झाइम) लागतोच, आणि पुढच्याच पानावर लिहिलंय की सीडीके रेप्लिकेशन पुन्हा सुरू होऊ देत नाही, मग यातलं खरं काय. आणि दुसरं म्हणजे तुझ्या एमएससीच्या प्रोजेक्टमध्ये नुसतं सीडीसी६ (रेप्लिकेशनच्या तयारीला लागणारं एक प्रोटीन) भरपूर बनवलं तर पेशी एकाच सायकलमध्ये, म्हणजे एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंत, दोनदा रेप्लिकेशन करेल का.

पुस्तकातली दोन्ही वाक्यं खरी आहेत. सीडीसी६ चं उत्तर बेकरीच्या यीस्टपुरतं "नाही" असं आहे, पण ते नाही का ते समजलं की पहिल्या प्रश्नाची गाठ पण सुटते, म्हणून जरा लांबून सुरुवात करते. वीसेक वर्षं मी याच यीस्टबरोबर काम करतेय आणि अजूनही मला हा सेल बायॉलॉजीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी हिशोब बघ. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचा, म्हणजे याच बेकरीच्या यीस्टचा, जीनोम साधारण १ कोटी २० लाख बेसपेअरचा, १६ क्रोमोसोममध्ये विभागलेला. त्यातलं चौथं क्रोमोसोम मोठं आहे, १५ लाखांच्या आसपास. रेप्लिकेशन फोर्क, म्हणजे डीएनए उलगडत नक्कल करत जाणारं टोक, मिनिटाला साधारण दीड-दोन हजार बेस पुढे सरकतो. आता समज या चौथ्या क्रोमोसोमवर बरोब्बर मध्यभागी एकच ओरिजिन, म्हणजे नक्कल सुरू होण्याची जागा, असता, तर दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात लाख बेस कापायला सहा तासांहून जास्त लागले असते, आणि इकडे चांगल्या मीडियात ३० डिग्रीला पेशी दर ९० मिनिटांनी दुप्पट होतेय. म्हणून पेशीने ओरिजिन वाढवले, सगळ्या जीनोममध्ये मिळून ४०० च्या आसपास. वेळेचा प्रश्न मिटला पण त्यातून दुसरा प्रश्न उभा राहिला आणि तोच खरा अवघड आहे: इतक्या सगळ्या जागांपैकी एकही जागा एका सायकलमध्ये दोनदा पेटता कामा नये, म्हणजे तिथून रेप्लिकेशन दोनदा सुरू होता कामा नये. एखादी जागा पेटलीच नाही तर शेजारचा फोर्क येऊन तो भाग उरकून टाकतो, फारसं बिघडत नाही. पण एकच जागा दोनदा पेटली तर तेवढा तुकडा दुप्पट होतो, फोर्क एकमेकांच्या मागे धावतात, डीएनए तुटतो. जोकिम ली यांच्या लॅबने २०१० मध्ये दाखवलं की अशी एखादी जागा परत पेटू दिली तर त्या भागातल्या जीनच्या जादा कॉपी क्रोमोसोममध्ये कायमच्या बसतात, आणि कॅन्सरच्या पेशींमध्ये जीन अँप्लिफिकेशन दिसतं ते आठवलं की हे किती गंभीर आहे ते कळतं.

तर पेशीला करायचंय काय, की सगळीकडे सुरुवात होऊ दे पण कुठेही दोनदा नको. यावर तिने काढलेला मार्ग आपल्या लग्नातल्या पंगतीसारखा आहे. आधी पानं मांडून घ्यायची, सगळी. तोपर्यंत कोणी वाढायला येत नाही. एकदा वाढप सुरू झालं की त्या पंगतीत नवीन पान मांडायचं नाही, उशिरा आला त्याने पुढच्या पंगतीची वाट बघायची. पानं मांडणं म्हणजे लायसन्सिंग (ओरिजिनला पेटायची परवानगी देऊन ठेवणं), वाढणं म्हणजे फायरिंग (ओरिजिन प्रत्यक्ष पेटणं). ही दोन कामं वेगळ्या वेळी होतात आणि मधे भिंत आहे, आणि ती भिंत म्हणजेच सीडीके. लायसन्सची कल्पना मुळात यीस्टमधून आलेली नाही हं, ब्लो आणि लास्की यांनी १९८८ मध्ये बेडकाच्या अंड्याच्या अर्कावर काम करून ती मांडली, पण ते लायसन्स म्हणजे नेमके कुठले रेणू हे उलगडायला यीस्टचा फार मोठा हातभार लागला.

आता पान कसं मांडलं जातं ते. बेकरीच्या यीस्टमध्ये ओरिजिनला एआरएस म्हणतात, १९७९ मध्ये स्टॅनफर्डला पहिला सापडला, डीएनएचा असा तुकडा की जो प्लास्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यात) घातला तर प्लास्मिड यीस्टमध्ये स्वतःहून टिकतो. त्यात ११ अक्षरांचा एक क्रम असतो, ए आणि टी या अक्षरांनी भरलेला. हा क्रम जीनोममध्ये हजारो ठिकाणी सापडतो पण ओरिजिन तेवढे नाहीत, म्हणजे नुसता क्रम पुरत नाही, आजूबाजूचे घटक आणि न्यूक्लिओसोमपासून (ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनच्या गोळ्यांपासून) मोकळी जागा पण लागते. या क्रमावर बसणारं ओआरसी हे सहा प्रोटीनचं कॉम्प्लेक्स बेल आणि स्टिलमन यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बरला १९९२ मध्ये शोधलं. ते बसायला एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) लागतं हे विसरू नकोस, व्हायव्हामध्ये हमखास विचारतात. आणि एक गैरसमज काढून टाक, मला विद्यार्थ्यांच्या उत्तरात दरवर्षी दिसतो: फायरिंग झालं की ओआरसी निघून जातं असं लिहितात. या यीस्टमध्ये ओआरसी जवळजवळ सगळ्या सायकलभर ओरिजिनवर बसूनच असतं. म्हणजे जागा कुठली हे ओआरसी सांगतं, पण वेळ कुठली हे ते एकटं ठरवत नाही. वेळ ठरते ती त्याच्यावर पुढे काय येऊन बसतं यावर.

जी१ मध्ये, म्हणजे डीएनएची नक्कल सुरू व्हायच्या आधीच्या टप्प्यात, ओआरसीला सीडीसी६ येऊन मिळतं, मग सीडीटी१ हे एमसीएम२-७ ला सोबत घेऊन येतं. एमसीएम म्हणजे सहा प्रोटीनची अंगठी, तीच पुढे डीएनए उलगडणारी हेलिकेज होणार. या अंगठीला २ नंबर आणि ५ नंबरच्या प्रोटीनच्या मधे एक फट आहे, तिच्यातून डीएनए आत जातो आणि फट मिटते. मग दुसरी अंगठी येते, पहिलीच्या तोंडाला तोंड लावून बसते, आणि अशी जोड-अंगठी तयार होते. २००९ मध्ये दोन लॅबनी वेगवेगळं हे दाखवलं, शुद्ध प्रोटीन टेस्टट्यूबमध्ये मिसळून. आता इथे जरा थांबून विचार कर. ही जोड-अंगठी डीएनएच्या दोन्ही धाग्यांभोवती आहे, बंद आहे, डीएनएवर सरकू शकते पण उलगडत काहीच नाही. हेलिकेज आणून बसवली पण झोपलेली. मला हेच फार आवडतं, की पेशी धोक्याचं यंत्र आधी जागेवर नेऊन ठेवते आणि चालू मात्र करत नाही. लॅबमध्ये हे ओळखायची खूण पण सोपी आहे, जास्त मिठाच्या बफरने धुतलं की ओआरसी आणि सीडीसी६ वाहून जातात, एमसीएम मात्र डीएनएवर अडकून राहतं कारण ते चिकटलेलं नाही, ओवलेलं आहे.

मग चालू कोण करतं? दोन किनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारी एन्झाइम. एक डीडीके, म्हणजे सीडीसी७ आणि त्याचा जोडीदार डीबीएफ४. दुसरा एस फेजचा (डीएनएची नक्कल होते त्या टप्प्याचा) सीडीके, म्हणजे सीडीसी२८ अधिक सीएलबी५ किंवा सीएलबी६ हे सायक्लिन (सीडीकेला चालू करणारं जोडीदार प्रोटीन).

डीडीकेचं काम थेट एमसीएमवर. ४ नंबरच्या एमसीएमच्या शेपटीत एक भाग असा आहे जो स्वतःच ब्रेक लावून बसलाय, डीडीके तिथे फॉस्फेट चिकटवतो आणि ब्रेक सुटतो. हे सिद्ध करणारा एक जुना म्यूटंट (जीन बदललेला यीस्ट) आहे, ५ नंबरच्या एमसीएममध्ये एकच अमिनो आम्ल बदललेलं, त्याला बॉब१ म्हणतात, आणि त्या पेशी सीडीसी७ पूर्ण काढून टाकलं तरी जगतात. एरवी सीडीसी७ शिवाय यीस्ट मरतं. म्हणजे डीडीकेचं सगळ्यात महत्त्वाचं गिऱ्हाईक एमसीएमच, हे एका म्यूटंटने सांगितलं. फॉस्फेट लागलेल्या एमसीएमला मग एसएलडी३ नावाचं प्रोटीन ओळखतं आणि सीडीसी४५ या दुसऱ्या प्रोटीनला घेऊन तिथे येतं.

सीडीसी७ बद्दल अजून एक जुना प्रयोग सांगते कारण तो बुद्धीने केलेला प्रयोग कसा असतो याचा नमुना आहे. १९७४ मध्ये हार्टवेल यांच्या लॅबमध्ये सीडीसी७ चा तापमानाला नाजूक म्यूटंट गरम तापमानाला अडवून ठेवला, मग प्रोटीन बनणं औषधाने बंद केलं आणि पेशी परत थंड तापमानाला आणल्या. तरीही डीएनए रेप्लिकेशन झालं. म्हणजे काय, तर लागणारी सगळी प्रोटीन आधीच बनून तयार होती, फक्त या एका पायरीसाठी अडून होती. तेव्हा ना आजच्यासारखं डीएनए सिक्वेन्सिंग होतं ना या प्रोटीनच्या अँटिबॉडी, नुसत्या तापमानाच्या अदलाबदलीतून पायऱ्यांचा क्रम लावला. हार्टवेल यांना २००१ चं नोबेल हंट आणि नर्स यांच्याबरोबर मिळालं ते सेल सायकलच्या अशाच कामासाठी.

सीडीकेचं काम जरा वळसा घेऊन होतं आणि बरीच वर्षं तो नक्की कोणाला फॉस्फेट लावतो म्हणून फायरिंग होतं हे कळत नव्हतं. उत्तर २००७ मध्ये आलं, जपानमध्ये मिशिमाला हिरोयुकी अराकी यांच्या लॅबमधून आणि इंग्लंडमध्ये फिलिप झेगरमन व जॉन डिफ्ली यांच्याकडून, एकाच वेळी. दोनच गिऱ्हाईकं, एसएलडी२ आणि एसएलडी३. दोघांना फॉस्फेट लागलं की दोघंही डीपीबी११ नावाच्या प्रोटीनला धरतात, त्याच्याकडे फॉस्फेट पकडणाऱ्या दोन जोड्या आहेत, एक हात एसएलडी३ कडे, दुसरा एसएलडी२ कडे. म्हणजे डीपीबी११ हा पूल. या पुलावरून जिन्स नावाचं चार प्रोटीनचं कॉम्प्लेक्स आणि पॉलिमरेज एप्सिलॉन हे नवीन डीएनए बनवणारं एन्झाइम एमसीएमपर्यंत पोचतात. जिन्स हे नाव जपानी आकड्यांवरून आलंय, गो-इची-नी-सान म्हणजे पाच-एक-दोन-तीन, कारण त्यातली प्रोटीन एसएलडी५, पीएसएफ१, पीएसएफ२, पीएसएफ३. एकदा हे लक्षात ठेवलंस की कधी विसरणार नाहीस.

एमसीएमची सहा, सीडीसी४५ एक आणि जिन्सची चार, मिळून ११ प्रोटीनचं सीएमजी तयार होतं आणि हीच जागी झालेली हेलिकेज. मग एमसीएम१० येतं (नाव सारखं, पण हे अंगठीतलं प्रोटीन नव्हे), अंगठ्या एक-एक धाग्यावर जातात आणि दोन्ही हेलिकेज एकमेकींना ओलांडून विरुद्ध दिशांना निघतात. ओलांडून, हे नीट वाच, त्या पाठ फिरवून लगेच दूर जात नाहीत, आधी समोरासमोरून एकमेकींच्या बाजूने जातात. म्हणजे दोघी नीट एकेका धाग्यावर गेल्या नसतील तर एकमेकींचा रस्ता अडवतील, आपोआपच एक तपासणी होते.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. हाच सीडीके ओआरसीला पण फॉस्फेट लावतो, आणि तसं ओआरसी नवीन एमसीएम चढवू शकत नाही. हाच सीडीके सीडीसी६ ला फॉस्फेट लावतो, मग एससीएफ नावाची यंत्रणा सीडीसी४ च्या मदतीने त्याला ओळखून युबिक्विटिन (नष्ट करायची खूणचिठ्ठी) लावते आणि प्रोटिअसोम (प्रोटीन तोडणारं पेशीतलं यंत्र) त्याला संपवतं. आणि हाच सीडीके, जे एमसीएम डीएनएवर चढलेलं नाही त्याला सीडीटी१ सकट न्यूक्लियसच्या बाहेर पाठवतो. म्हणजे एकाच फॉस्फेटचा अर्थ कोणावर लागला त्यावर बदलतो: एसएलडी२-एसएलडी३ वर लागला तर "चल सुरू कर", ओआरसी-सीडीसी६-एमसीएमवर लागला तर "आता नवीन मांडणं बंद". सीडीके कमी असतो तेव्हा पानं मांडता येतात पण वाढता येत नाही, जास्त असतो तेव्हा वाढता येतं पण मांडता येत नाही. दोन्ही एकत्र शक्य आहे अशी सीडीकेची पातळी पेशीत राहूच नये, एवढ्यासाठी ही सगळी व्यवस्था आहे. आणि पेटलेल्या ओरिजिनवरचं एमसीएम फोर्कबरोबर निघून जातं, न पेटलेल्यावरचं शेजारून येणारा फोर्क काढून टाकतो, म्हणजे रेप्लिकेशन झालेल्या डीएनएवर लायसन्स उरतच नाही. पानावर जेवण झालं की पान उचललं.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे जी पुस्तकात एका ओळीत उरकतात. सीडीकेची पातळी शून्यातून शंभरावर एका क्षणात जात नाही ना, मग मधल्या काळात, म्हणजे थोडा सीडीके आलाय, काही ओरिजिन पेटायला लागलेत आणि ओआरसी अजून पुरतं बंद झालेलं नाही, अशा वेळी दुबार चढवणं होऊ शकेल की. पेशीने यावर उपाय केलाय तो असा. जी१ च्या शेवटी आधी सीएलएन सायक्लिनवाला सीडीके येतो. हा एसएलडी२-एसएलडी३ चा पूल बांधत नाही, पण सीडीसी६ तोडायला आणि एमसीएमला बाहेर काढायला सुरुवात मात्र करतो. तेव्हा सीएलबी५ वाला सीडीके बनलेला असतो पण सिक१ नावाच्या प्रोटीनने त्याचा गळा धरलेला असतो. सीएलएन-सीडीके या सिक१ ला फॉस्फेट लावत राहतो, एक लागून भागत नाही, बरेच लागावे लागतात, नॅश आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सहाचा आकडा दिला, मग कुठे सीडीसी४ त्याला पकडतं आणि सिक१ जातं. आणि सिक१ गेलं की सीएलबी५-सीडीके एकदम मोकळा होतो. म्हणजे आधी मांडामांड बंद होते, थोडा वेळ जातो, आणि मगच वाढप सुरू होतं, तेही झटक्यात. सिक१ चं काम नुसतं उशीर करणं नाही, ते दोन कामांच्या मधलं अंतर राखतं.

याचा पुरावा पण स्वच्छ आहे. सिक१ काढून टाकलेल्या पेशी जगतात, पण एस फेज लवकर सुरू करतात, पुरेसे ओरिजिन लायसन्स व्हायच्या आतच, त्यामुळे कमी ओरिजिन पेटतात, लांबलांब पट्टे उशिरापर्यंत रेप्लिकेट होत राहतात आणि पेशी विभागताना क्रोमोसोम तुटतात. आणि उलट बाजूने, हार्टवेल यांचा सीडीसी४ म्यूटंट बघ, त्यात सिक१ तुटत नाही म्हणून पेशी एकामागून एक बड (नव्या पेशीचे कोंब) काढत बसते पण डीएनए रेप्लिकेशन नाही. त्याच पेशीतून सिक१ पण काढलं की रेप्लिकेशन होतं. एका पेशीत बड आणि डीएनए यांची फारकत अशी डोळ्यांना दिसते, मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ आयपीसवरून डोळा काढला नव्हता.

आता सीडीसी६ चा प्रश्न. तुझ्या डोक्यात हे कुठून आलं असेल ते मला वाटतं कळतंय. फिशन यीस्टमध्ये, म्हणजे पॉम्बेमध्ये, सीडीसी६ च्या भावंडाला सीडीसी१८ म्हणतात, आणि १९९५ मध्ये निशितानी आणि नर्स यांनी दाखवलं की सीडीसी१८ भरमसाट बनवलं तर पेशी विभागल्याशिवाय डीएनए वाढवत राहते. ते खरंच आहे. पण पॉम्बेचं ते बेकरीच्या यीस्टला जसंच्या तसं लावू नकोस, दोघांनाही आपण यीस्ट म्हणतो पण उत्क्रांतीत ती फार पूर्वीच वेगळी झालीत, पॉम्बेच्या ओरिजिनला तर ११ अक्षरांचा तसा ठरलेला क्रमही नाही.

बेकरीच्या यीस्टमध्ये कुलपं बरीच आहेत आणि एक उघडून दार उघडत नाही. हे २००१ मध्ये न्गुयेन, को आणि ली यांनी दाखवलं. त्यांनी ओआरसीवरच्या सीडीकेच्या जागा बदलल्या जेणेकरून फॉस्फेट लागणार नाही, एमसीएमला न्यूक्लियसमध्ये राहायची कायमची चिठ्ठी जोडली, आणि सीडीसी६ ची न तुटणारी आवृत्ती गॅलॅक्टोजवर चालू होईल अशी घातली. तिन्ही एकत्र केल्यावरच मायटोसिसमध्ये (क्रोमोसोम वाटले जायच्या टप्प्यात) अडवून ठेवलेल्या पेशींचा डीएनए दुपटीच्या पुढे सरकला. तोही पूर्ण दुसऱ्यांदा नाही झाला, अर्धवट झाला, थोड्याच ओरिजिननी परत काम केलं. म्हणजे तिन्ही कुलपं काढूनही अजून काही अडसर उरलेत. त्यातले काही नंतर सापडले, उदाहरणार्थ सीएलबी५ हे ओआरसीच्या सहाव्या प्रोटीनला घट्ट धरून बसतं, आणि सीएलबी२ हे सीडीसी६ च्या टोकाला धरून त्याला निकामी करतं, मग ते तुटलेलं नसलं तरी. माझं मत विचारशील तर इतके थर असण्याचं कारण त्या ४०० ओरिजिनमध्येच आहे. एकच थर असता आणि तो ९९ टक्के चोख असता तरी ४०० मधले चार दर सायकलला निसटले असते. चार म्हणजे फार झाले.

सीडीसी६ च्या उलट प्रयोगाबद्दल पण वाच, ते जास्त बनवण्याऐवजी काढून घेण्याचा. नवीन सीडीसी६ बनूच दिलं नाही तर पेशी एमसीएम चढवू शकत नाही, एकही ओरिजिन पेटत नाही, आणि तरीही पेशी थांबत नाही. ती न रेप्लिकेट झालेले क्रोमोसोमच दोन बाजूंना ओढायला लागते आणि मरते. पियाटी, लेंगाउअर आणि नॅस्मिथ यांचं हे १९९५ चं काम. अडकलेला फोर्क असता तर चेकपॉइंटने (बिघाड दिसला की सायकल थांबवणाऱ्या यंत्रणेने) आरडाओरडा केला असता, पण फोर्क सुरूच झाला नाही तर ओरडणार कोण. म्हणून लायसन्सिंग चुकणं हे रेप्लिकेशन मधेच अडकण्यापेक्षा एका अर्थी जास्त धोक्याचं आहे.

फायरिंगच्या बाजूचा पुरावा राहिला. सीडीकेचं फायरिंगमधलं अत्यावश्यक काम एवढंच असेल तर त्याला वगळूनही रेप्लिकेशन व्हायला पाहिजे, बरोबर? तेच २००७ च्या कामात केलं होतं. एसएलडी२ च्या ८४ व्या जागी थ्रिओनिनऐवजी अस्पार्टेट, म्हणजे फॉस्फेट कायम लागल्याचा भास, आणि एसएलडी३ ला डीपीबी११ सरळ जोडूनच टाकलं. त्याच्या जोडीला डीबीएफ४ जास्त बनवलं, कारण जी१ मध्ये एपीसी ही प्रोटीन नष्ट करायला लावणारी यंत्रणा डीबीएफ४ ला तोडत असते. आणि जी१ मध्ये अडवलेल्या पेशींनी, एस फेजचा सीडीके नसताना, रेप्लिकेशन सुरू केलं. त्यावर शिक्का बसला २०१५ मध्ये, डिफ्ली यांच्या लॅबने लंडनजवळ क्लेअर हॉलला १६ शुद्ध केलेले फॅक्टर, मोजून ४२ पॉलिपेप्टाइड (प्रोटीनच्या साखळ्या), एकत्र करून टेस्टट्यूबमध्ये ओरिजिनवरून रेप्लिकेशन सुरू करून दाखवलं. यीस्टची पेशी नाही, अर्क नाही, नुसती प्रोटीन. तिथे पण क्रम पाळावा लागतोच, ओआरसीला आधी सीडीके लावला तर एमसीएम चढत नाही, म्हणजे पंगतीचा नियम कुठल्या व्यवस्थापकाकडे नाही, तो त्या प्रोटीनमध्येच लिहिलेला आहे.

सगळे ओरिजिन एकदम पेटत नाहीत, काही लवकर काही उशिरा, याचं कारण मुख्यतः टंचाई आहे: एसएलडी३, एसएलडी२, डीपीबी११, डीबीएफ४, सीडीसी४५ ही पेशीत मोजकीच असतात, आधी लवकरच्या ओरिजिनला मिळतात, मग ती मोकळी होऊन पुढच्यांना. रिफ१ हे प्रोटीन टेलोमिअरजवळ (क्रोमोसोमच्या टोकांजवळ) फॉस्फेट काढणारं एन्झाइम नेऊन डीडीकेचं काम पुसत राहतं त्यामुळे तिथले ओरिजिन मागे राहतात. डीएनएला इजा झाली तर आरएडी५३ हे किनेज एसएलडी३ आणि डीबीएफ४ ला अडवून उशिराचे ओरिजिन थोपवून धरतं. हा वेगळा मोठा विषय आहे, तुझ्या प्रोजेक्टला सध्या नको.

माणसातही प्रोटीन बरीचशी हीच, फक्त कुलपांची मांडणी वेगळी, तिथे सीडीटी१ ला धरून ठेवणारं जेमिनिन आहे जे यीस्टमध्ये नाही. २०११ मध्ये मायर-गॉर्लिन सिंड्रोम या दुर्मिळ आजाराच्या मुलांमध्ये, ज्यांची उंची फार कमी राहते, ओआरसी१, ओआरसी४, ओआरसी६, सीडीटी१ आणि सीडीसी६ या जीनमध्ये बिघाड सापडले. आपण प्लेटवर ज्या प्रोटीनचा अभ्यास करतो ती कोणाच्या तरी घरातल्या मुलाची वाढ ठरवतात, हे मला काम करताना नेहमी आठवतं.

आता तुझ्या प्रयोगाचं, कारण खरी मदत तुला इथेच लागणार आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी गॅलॅक्टोजवर सीडीसी६ चालू करून पेशी अडवून ठेवल्या आणि तीन तासांनी एफएसीएसमध्ये (एकेका पेशीतला डीएनए मोजणाऱ्या मशीनमध्ये) २सी चं, म्हणजे डीएनए एकदा दुप्पट झालेल्या पेशींचं, शिखर स्पष्ट उजवीकडे सरकलेलं दिसलं. मला वाटलं सापडलं, री-रेप्लिकेशन. दोन महिने त्याच्यावर घालवले. ते री-रेप्लिकेशन नव्हतं. अडवलेल्या पेशी मोठ्या होत राहतात आणि त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाढत राहतो, त्याला या सगळ्या नियमांशी देणंघेणं नाही, त्यामुळे शिखर नुसत्या वेळेबरोबर उजवीकडे सरकतं. शिवाय पेशी एकमेकींना चिकटून राहिल्या असतील तर मशीन दोघींना एक समजतं, म्हणून डाय लावल्यावर आणि मशीनवर चढवायच्या आधी थोडं सॉनिकेशन कर.

पेशी आधी रॅफिनोजमध्ये वाढव, ग्लुकोजमध्ये नको, ग्लुकोजने गॅल प्रमोटर (गॅलॅक्टोज दिल्यावर जीन चालू करणारं बटण) इतका दबतो की नंतर गॅलॅक्टोज दिल्यावर चालू व्हायला खूप वेळ जातो. अल्फा फॅक्टर (पेशींना जी१ मध्ये अडवणारं यीस्टचंच फेरोमोन) वापरणार असशील तर स्ट्रेनमध्ये बीएआर१ खरंच काढलेलं आहे का ते पीसीआरने तपास, ट्यूबवरच्या लेबलवर विसंबू नकोस, नसेल काढलेलं तर पेशी अल्फा फॅक्टर पचवून निसटतात. तापमानाचा म्यूटंट असेल तर इन्क्युबेटरच्या डिस्प्लेवर न जाता फ्लास्कजवळ थर्मामीटर ठेव, ३४ आणि ३७ मध्ये ब्लॉक पक्का की गळका हे ठरतं. लाइट जाऊन शेकर बंद पडला तर तो सेट टाकून दे, हवा नसलेल्या पेशींच्या आकड्यांवरून काहीही सिद्ध होत नाही.

आणि री-रेप्लिकेशन झालंय असं म्हणायचं असेल तर एफएसीएसच्या जोडीला पल्स्ड फील्ड जेल (अख्खी क्रोमोसोम आकाराप्रमाणे वेगळी करणारी जेल) चालव, अर्धवट रेप्लिकेट झालेली क्रोमोसोम जेलमध्ये शिरतच नाहीत, विहिरीतच अडकून राहतात, आणि ही खूण मायटोकॉन्ड्रियाने फसत नाही. माझा अंदाज आहे की नुसत्या सीडीसी६ वर तुझी सगळी क्रोमोसोम व्यवस्थित जेलमध्ये उतरतील. तसं झालं तर प्रोजेक्ट फसला असं समजू नकोस, एक कुलूप पुरत नाही हे तू स्वतःच्या हाताने दाखवलेलं असेल, फक्त सीडीसी६ खरंच वाढलं होतं याचा वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन किती आहे ते दाखवणारी चाचणी) शेजारी हवा. सॅम्पल शून्य वेळेपासून दर अर्ध्या तासाला काढ, आणि ज्या फ्लास्कमध्ये गॅलॅक्टोज घातलं नाही त्याचाही तेवढ्याच वेळांचा पूर्ण सेट घे, तो सेट हातात येईपर्यंत उजवीकडे सरकलेल्या शिखराचा काही अर्थ लावू नकोस.